पातेल्यातलं ॲसिटोन कोण नेतं?

४ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी ९
खोपोलीच्या आमच्या फायबर कारखान्यात चोर आहे. स्टोअरमधलं ब्रश धुवायचं पातेलं परवा ॲसिटोनने काठोकाठ भरलं होतं. आज चार बोटं कमी. आठवड्यात चोर धरला नाही, तर स्टोअरची किल्ली माझ्याकडून माझ्या हाताखालच्या रूपेशकडे जाईल, असं शेठ म्हणाले.

संशयित : रूपेश. एक तर किल्ली त्यालाच मिळणार. शिवाय त्याची बहीण हर्षला चौक गावात पार्लर चालवते. नेलपॉलिश कशाने पुसतात? ॲसिटोनने!

दुपारी १
संकल्प : सतत नजर. पातेल्याचं झाकणच काढून टाकलं. आता खुर्चीतून पातळी दिसते.

५ नोव्हेंबर
डोळ्यांदेखत आणखी सहा बोटं गायब! पोचलेला चोर.

रूपेश म्हणतो, भाऊ, झाकण लावा, ते उडून जातं हाय. वाफ जड, जमिनीवरून सरपटते, ठिणगी भेटली तर कोनाला सोडनार नाय. पंधरा वर्षं स्टोअर सांभाळलं, आता हा मला शिकवणार! झाकण लागलं की त्याचंच फावेल. मी ड्रममधून पातेलं पुन्हा भरलं. खिडकीही बंद केली. तिथून हात आत येतो.

६ नोव्हेंबर
डोकं जड, गरगरतंय. चहा रूपेशनेच आणलेला. कुंडीत ओतला. (झाड अजून ठणठणीत. चिवट दिसतं.)

७ नोव्हेंबर
बायकोने, छायाने, उपाय सांगितला. तिच्या गावात कोंबडी चोरीला गेली की आबाजी पाटील जळत्या कापरावर हात धरून शपथ घ्यायला लावायचे. खोटा माणूस हात मागे घेतो. उद्या स्टोअरमध्ये, देवाच्या फोटोसमोर.

८ नोव्हेंबर, सकाळी ८
कापूर खिशात. आज निकाल.

११ नोव्हेंबर, घरी
भुवया गेल्या. बाकी बरा आहे.

त्या दिवशी रूपेश दारातच अडला. म्हणाला, शपत कुठंपन घेतो, पन हितं काडी नको, पाया पडतो तुमच्या. मला वाटलं, सापडला! काडी ओढली. भपकन आग जमिनीवरून पातेल्याकडे पळाली. त्याने मला कॉलर धरून बाहेर फेकलं, आत गेला आणि पातेल्यावर झाकण टाकलं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

आज दवाखान्यात गेलो. हर्षला त्याला भरवत होती. मला बघून त्यानेच विचारलं, भाऊ, तुमाला जास्त लागलं नाय ना?

शपथ मी घ्यायला लावली आणि आगीत हात त्याने घातला. लाज वाटली. किल्ली पुढे केली, पण उजव्या हाताला पट्ट्या, डाव्याला सलाईन; त्याला ती धरता येईना. मीच त्याच्या खिशात घातली.