झटक्याचा बंदोबस्त

३ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. या घरात खरं बोलायला कागदाशिवाय कोणी उरलेलं नाही.
ट्रकला झटका बसतो. गाडी ऑटोमॅटिक, म्हणजे गिअर स्वतःच बदलते, आणि बदलताना अशी आपटते की मागचं सामान पुढे आणि पुढचा माणूस काचेवर. किळस आली आहे या यंत्राची. जन्मभर क्लचची बस चालवली, एका प्रवाशाच्या हातातला चहा सांडला नाही. इथे क्लचच नाही. डाव्या पायाला काम नाही. तरी मी त्याला तयारीत ठेवतो. बेसावध ड्रायव्हर म्हणजे अपघाताला आमंत्रण.
सोळाला, रविवारी, लेक नोकरीच्या गावी राहायला जाणार. पहिली नोकरी, पहिल्यांदाच घराबाहेर. तुझं सामान मी माझ्या ट्रकमधून, स्वतः चालवत पोचवणार, असा शब्द दिला आहे. सामानात तिच्या आजीचा आरसा आहे, माणसाच्या उंचीचा. हा झटका राहिला तर आरशाचा भुगा पोचेल.
ठराव: सोळाच्या आत झटक्याचा बंदोबस्त.

५ मार्च
मेकॅनिककडे गेलो. याला मी तेलबदल्या म्हणतो, कारण गाडी पेटली तरी हा म्हणेल, तेल बदला. बाकावर बिस्किटांचा चुरा, त्यावर मुंग्या, त्यावर आपण बसायचं. शी.
शेजारी बसवून त्याला एक चक्कर मारून आणली. हा रस्ता बघेना, मीटर बघेना. सगळा वेळ खाली माझ्या पायांकडे. चपलांवरून ऐपत जोखणारी माणसं असतात, त्यातला. उतरल्यावर म्हणे, काका, गिअरबॉक्स ठणठणीत आहे, फक्त तेल बदला, आणि तुमचा तो डावा पाय जरा... तिथेच थांबवलं. माझ्या पायाची चौकशी करायला हा काय डॉक्टर आहे?
आता कोणाच्या दारात जाणार नाही. स्वतः करणार.

७ मार्च
लेक ट्रक घेऊन रिकामी खोकी आणायला गेली. सोबत सौ. दोघी परत आल्या आणि म्हणे, एकही झटका बसला नाही. बसेल कसा? ही गोगलगाईसारखी चालवत असणार. सौ. म्हणाली, गोगलगाय कसली, दोन बसना मागे टाकलं हिने.
बसना! बापाच्या घरात हे ऐकावं लागतं.
संध्याकाळी किट मागवलं. गिअरबॉक्सच्या पोटात एक नक्षीदार ठोकळा असतो, व्हॉल्व्ह बॉडी. कुठलं तेल कुठल्या वाटेने जाणार हे तो ठरवतो. त्याच्यात बारीक लोखंडी छर्रे असतात, ते तसेच ठेवायचे आणि जुन्या स्प्रिंगा काढून नव्या दमदार टाकायच्या. झटका खलास. व्हिडिओवाला हसत हसत करतो. त्याचे हात शेवटपर्यंत स्वच्छ.

११ मार्च
किट आलं. सोबत बारीक अक्षरांत छापलेला भलामोठा कागद. कागद वाचणं नवशिक्यांचं काम. त्याच्यावर स्प्रिंगा मांडल्या.
सौ.ने विचारलं, शनिवारपर्यंत होईल ना? मी नुसता हसलो.

१२ मार्च
ट्रकखाली शिरून गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं पॅन सोडवलं.
आत इतकं तेल असतं हे व्हिडिओवाल्याने का सांगितलं नाही? लाल, कोमट, बुळबुळीत, जळक्या वासाचं. बाहीतून आत गेलं आणि काखेत मुक्कामाला थांबलं. थोडं तोंडातही. चव लिहिण्यासारखी नाही.
तीनदा अंघोळ केली. टॉवेल सौ.ने चिमटीत धरून फेकला. मला सोफा दिला आहे, तोही वर्तमानपत्रं अंथरून.

१३ मार्च
व्हॉल्व्ह बॉडी खाली उतरवली. म्हणजे ती उतरली. छर्रे सांडले. बहुतेक सापडले.
तेलातले छर्रे शोधायला चहाची गाळणी घेतली. यावरून घरात जे बोलणं झालं ते इथे लिहिण्याची माझी इच्छा नाही.
छर्रे खळग्यात चिकटून राहावेत म्हणून व्हॅसलीन लावतात. ते नव्हतं. सौ.चं तोंडाला लावायचं क्रीम होतं. स्निग्ध ते स्निग्ध. छर्रे एकेक करून बरणीत बुडवून बसवले. शेवटी एक खळगा रिकामा दिसला. कंपनीने जास्तीचा ठेवला असणार. हल्ली सगळीकडे उधळपट्टी.

१४ मार्च, दुपार
जोडलं. तेल भरलं. चावी फिरवली.
रिव्हर्स अप्रतिम. इतका मऊ रिव्हर्स मी आयुष्यात अनुभवला नाही. फाटकाबाहेर लोण्यासारखी गेली.
पुढे येत नाही.
ट्रक रस्त्यात आडवा, दोन्ही बाजूंनी हॉर्न. मी डोकं शांत ठेवलं. मागे मागेच जात सगळ्या वस्तीला वळसा घातला आणि उलटा घरी आलो. दुकानदार बाहेर येऊन बघत होते. एकाने मोबाइल काढला. माणसांची किळस येते ती उगाच नाही. इतका लांब रिव्हर्स त्यांच्यापैकी एकाने तरी मारून दाखवावा.
आणि एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही. झटका एकदाही बसला नाही.

१५ मार्च, सकाळ
लेक भांडेल अशी तयारी ठेवली होती. उत्तरं पाठ होती. ती भांडली नाही. पलीकडच्या खोलीत फोनवर कोणाला तरी हळू आवाजात विचारत होती, उद्यासाठी एखादा टेम्पो मिळेल का. मला ऐकू जाऊ नये म्हणून दार लोटून घेतलं होतं.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
चप्पल घातली आणि तेलबदल्याकडे गेलो.

१५ मार्च, संध्याकाळ
तो आला, बिस्किटं घेऊन. ट्रकखाली शिरला आणि बराच वेळ नुसता हसत होता. ट्रकखालून येणारं हसणं अत्यंत घाणेरडं वाटतं. नव्या स्प्रिंगा काढून जुन्या बसवल्या. मग म्हणे, एक छर्रा कमी आहे, त्याच्याशिवाय पुढचे गिअर लागणार नाहीत.
तेवढ्यात सौ. बाहेर आली. एका गालाला क्रीम, तळहातावर छर्रा. बरणीत बोट घातलं तर हाताला लागला म्हणे. छर्रा माझ्या हातावर ठेवला आणि दुसरा गाल तसाच घेऊन आत गेली.
गाडी पुढे गेली. तेलबदल्याने तीन गोष्टी सांगितल्या. गिअरबॉक्सला पुन्हा हात लावू नका. आता सगळं जुनंच आहे, नवं फक्त तेल. आणि उद्या पोरीला चालवू द्या.
शेवटची अट अपमानास्पद आहे. पण लेकीने टेम्पो रद्द केला, म्हणून मान्य केली.

१६ मार्च, रविवार
ती चालवत होती. मी शेजारी. मागे खाट, खोकी, गोधडीत गुंडाळलेला आरसा. मी आरशाकडे कान लावून बसलो होतो. आता तडकेल, मग तडकेल.
झटका नाही. चढावर नाही, उतारावर नाही, सिग्नलला नाही.
जुन्याच स्प्रिंगा, जुनेच छर्रे. असं कसं, असा विचार करत होतो, तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. इंजिनाचा आवाज वाढला की माझा डावा पाय आपोआप चटईवर दाबला जात होता. क्लच दाबतात तसा. प्रत्येक वेळी. मी ड्रायव्हरच्या सीटवर असतो तेव्हा त्या जागी चटई नसते. ब्रेक असतो.
वर बघितलं तर लेकही तिकडेच बघत होती. तिला कधीपासून माहीत होतं कोण जाणे. हसली नाही. म्हणाली, बाबा, दमला असेल तो पाय, वर घेऊन बसा.
मांडी घालून बसलो. त्या पायाची इतकी किळस आली की काय सांगू.
आरसा अखंड पोचला. तिच्या खोलीत मीच लावला. खिळा सरळ ठोकला आहे. ती दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, सावकाश जा.

१७ मार्च
काल एकटाच परत आलो. निघताना डावी चप्पल काढून सीटखाली सरकवली आणि पाय मांडीखाली दाबून धरला. घरापर्यंत एक झटका नाही. बसमध्येसुद्धा इतकी छान कधी चालवली नव्हती. बघायला शेजारी कोणी नव्हतं.
सौ.ने दारातच विचारलं, कशी चालली गाडी?
म्हटलं, मस्त. तेल बदललं ना.
ती बरं म्हणाली, आणि माझ्या एकाच पायातल्या चपलेकडे बघत राहिली.