मागे उत्तरं असलेलं पुस्तक

३ मार्च २०१४, सोमवार. सकाळी ७.४०.

ऑफिसच्या जिन्यात बसून अरबीचा पहिला धडा. किल्ली साहेबांकडे, साहेब नऊला येणार. रोजचा हा वेळ फुकट जात होता, तो आता अरबीला.

जूनमध्ये तिकडच्या ऑफिसात एक कारकून पाठवायचाय, असं साहेब फोनवर बोलताना ऐकलं. परदेशी कामाला माणसं पाठवायचा आमचा धंदा — मग कारकूनही आमच्यातलाच जाईल ना! दहावी नापास टायपिस्टला कोण विचारणार? पण अरबी वाचता आली तर —

पुस्तक काल फुटपाथवरच्या म्हाताऱ्याकडून घेतलं. चाळीसला. सगळी अरबी आपल्याच लिपीत छापलेली. 'होय मालक.' 'मला ताप आहे मालक.' 'सुट्टी कधी मिळेल मालक?' पाठ होतंय, पण अरबी अक्षर एकही ओळखता येत नाही. आणि शुद्धलेखन! बत्तीस पानांत एकोणीस चुका. पेन्सिलीने दुरुस्त केल्या.

५ मार्च

पुस्तक परत नेलं. सोबत चुकांची यादी. म्हातारा चष्मा कपाळावर चढवून हसत सुटला. "पान फाटलंय म्हणून परत आणणारे पाहिले. ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय म्हणून आलेला तू पहिलाच, बाबा!" पंचवीस परत दिले.

मग दोन पुस्तकं समोर ठेवली. एक जाडजूड, परदेशी विद्यापीठाचं, दोनशे ऐंशी. पहिल्याच धड्यात दोन प्राध्यापक विमानतळावर एकमेकांच्या संशोधनाची चौकशी करतात. स्वाध्यायांची उत्तरं 'शिक्षकांच्या पुस्तकात' — ते म्हाताऱ्याकडे नाही. दुसरं पातळ, शाळकरी पोरांचं, साठ. अक्षरं, आकडे, घड्याळ, महिने. शेवटी सगळी उत्तरं.

"शिकवणारा आहे कुणी?"

"नाही."

"मग मागे उत्तरं असलेलं घे. एकट्याने शिकणाऱ्याला चुकलास म्हणून सांगणार कोण?"

पातळ घेतलं.

९ मार्च, रविवार

दाजींचा फोन. ताईचे यजमान. अकरा महिन्यांपूर्वी आमच्याच ऑफिसातून तिकडे गेले, मीच लावून दिलं. तेव्हापासून ताई आमच्याकडे.

"परत आठशेच? कागदावर बाराशे आहेत!"

ते काय म्हणाले ऐकू आलं नाही.

"कापतात म्हणे! दर महिन्याला चारशे? सरळ सांगा ना, कुणाला पोसताय तिकडे!"

फोन माझ्या हातात कोंबून ताई आत गेली. दाजी म्हणाले, "काय राजे, टायपिंग काय म्हणतंय?" नेहमी एवढंच विचारतात.

नंतर ताईने कपाटातून त्यांचा करार काढला. डाव्या रकान्यावर, म्हणजे आपल्या भाषेतल्या, बोट ठेवून आईला वाचून दाखवला. "माझ्या भावाने टाइप केलंय हे. खोटं कसं असेल?"

माझ्या रकान्यात चूक नसते, हे खरं आहे. दाजी असे निघतील असं वाटलं नव्हतं.

१२ मार्च

युक्ती सुचली! पातळ पुस्तकातला सराव संपला. पण ऑफिसात करारांचा ढीग आहे. उजवीकडे अरबी, डावीकडे तेच आपल्या भाषेत. उजवं तिकडून छापून येतं, डावं साहेब लिहून देतात, मी टाइप करतो. म्हणजे उत्तरांसकट पुस्तकच की, तेही फुकट!

उद्या जेवणाच्या सुट्टीत दाजींचीच फाईल. आपल्या माणसाची असली की लक्ष लागतं.

१३ मार्च

चुकलं. कलम चार. डावीकडे: रोज आठ तास, महिना बाराशे. मी उजवीकडे वाचलं: बारा तास, आठशे. उलटं वाचलं असणार. उजवीकडून डावीकडे जायची सवय नाही. गाढव!

१४ मार्च

पुन्हा तेच. छपरासारखं चिन्ह म्हणजे आठ, टिंब म्हणजे शून्य. छप्पर आणि दोन टिंबं. शेजारी 'महिना' हा शब्द, सहाव्या धड्यातला. पंधरा वेळा लिहून काढलं. पंधरा वेळा आठशे. याच्या डोक्यात काही शिरायचं नाही, असं मास्तर म्हणायचे.

१७ मार्च

पातळ पुस्तकच चुकीचं छापलं असेल तर? पहिल्यात एकोणीस चुका होत्याच की!

जाडजूड घेतलं. दोनशे ऐंशी गेले. म्हातारा म्हणाला, "अखेर प्राध्यापकांना भेटायचं ठरलं वाटतं!" मला हसू आलं नाही. तिथेच उभ्या उभ्या आकड्यांचं पान काढलं. छप्पर म्हणजे आठ.

१८ मार्च

दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत. मीही बरोबर वाचलंय.

२१ मार्च

धूळ झटकतो असं सांगून तीन दिवसांत चौऱ्याहत्तर फायली पाहिल्या. सगळ्यांत कलम चार तसंच. तीन वर्षं मी खोटी उत्तरं टाइप केली, एकही काना-मात्रा न चुकता. प्रत्येकाखाली 'साक्षीदार' — माझी सही. सुबक.

एक गवंडी आठवतो. वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. "तुम्ही वाचलंत ना, झालं तर मग," म्हणाला आणि अंगठा पुढे केला.



२४ मार्च

साहेबांनी टेबलावर कागद टाकला. "जूनला तूच जा. तुझाच करार, तूच टाइप कर." माझ्या पिशवीतलं जाडजूड पुस्तक दिसलं तसे हसले. "अरबी कशाला शिकतोस रे? तुला समजेल असा रकाना आहे की!"

डावीकडे दोन हजार. उजवीकडे दोन काठ्या, दोन टिंबं. अकराशे.

टाइप केला. चूक एकही नाही. सही नंतर करतो म्हणालो.

३० मार्च, रविवार

दाजींचा फोन. ताईने घेतलाच नाही. मी फोन घेऊन जिन्यात गेलो.

"दाजी, मी उजवीकडचं कलम चार वाचलं."

"कुणी वाचून दाखवलं?"

"मीच. शिकलो."

"शाब्बास!" खरंच म्हणाले. मनापासून! मग आवाज उतरला. "पहिल्या पगारालाच कळलं मला. साक्षीदार कोण तेही पाहिलं. तुला ठाऊक नसणार, एवढं ओळखतो मी तुला."

"मग ताईला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? तुझ्या भावाची सही आहे म्हणून? नवऱ्यावर रागावली तर चालतं, नवरा लांब आहे. तुझ्याशी तुटलं तर राहील कुठे ती? एक वर्ष राहिलंय. तूही गप्प बस."

अकरा महिने. दर रविवारी तिच्या शिव्या खाल्ल्या. वर मला टायपिंगचं विचारलं.

३१ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०.

ताईला कलम चार वाचून दाखवलं. उजवा रकाना, बोट ठेवून. "परत वाच," म्हणाली. परत वाचलं. सहीही दाखवली. तिने करार कपाटात ठेवला आणि दाजींना फोन लावला. तिने आपणहून लावलेला हा पहिलाच. माझ्याकडे पाहिलं नाही.

माझा करार सही न करता साहेबांच्या टेबलावर ठेवणार.

खर्च: पहिलं पुस्तक ४०, त्यातले २५ परत. पातळ ६०. जाडजूड २८०. एकूण ३५५.

देणं: दाजी, ११ महिन्यांचे ४०० प्रमाणे ४४००, तिकडच्या चलनात. बाकी त्र्याहत्तर जणांचे महिने मोजायचेत. पत्ते उतरवून घेतलेत.