धुरपदाच्या नावाची मूठ

॥ श्री ॥
धरणगाव, आषाढ वद्य ५, शके १८५६

चि. धुरपदा हिस भागावहिनीचे अ. आ. वि. वि.

इतक्या वर्षांनी नणंदेला पत्र लिहिते आहे, तेव्हा आधी रागावून घे आणि मग वाच.

सासूबाई खाटेला खिळल्या आहेत. श्रावणात कानबाईच्या सणाला तू घरी असावीस, एवढाच ध्यास घेतला आहे त्यांनी. आमच्या यांना, म्हणजे तुझ्या भावांना, मी कसेबसे वळवले. त्यांचे म्हणणे असे की, मागल्या दाराने यावे, गोमूत्र घ्यावे आणि कोणी विचारले तर जळगावी जिनात कापसाच्या कामाला होते म्हणून सांगावे. माझ्या लेकीची, शेवंताची, सोयरीक सोनगीरला जमते आहे. तुझा धंदा तिकडे कळला तर मोडेल, ही त्यांना धास्ती. माझ्यासाठी एवढे ऐक. येताना जळगावच्या बांगड्या आण.

कळावे, वहिनीवर माया असू दे.
भागा

॥ श्री ॥
जळगाव, आषाढ वद्य १०

ती. स्व. वहिनींस धुरपदाचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून रडले, मग हसले. बांगड्यांची हौस अजून फिटली नाही तुमची!

आई फार आठवते. पण वहिनी, अशी मी येणार नाही. पिंपळनेरच्या सासरने विधवा म्हणून हाकलले, माहेरी आले तर चुडामणभाऊने लोकलाजेस्तव अंगणातूनच परत पाठवले. जिनातही होते मी. तिथला मुकादम मजुरीबरोबर मलाही आपलीच समजायचा. इथे निदान नाही म्हणता येते, आणि मी म्हणते. धंदा सुखाचा आहे असे नाही. पण मी कुणाला लुबाडलेले नाही. आम्ही चौघी एका चुलीवर जेवतो, एक आजारी पडली की दुसरी उशाशी बसते. त्यांना लपवून माहेर मिळवू?

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटासाठी तुम्ही घरातल्या आणि भाऊबंदांतल्या दर पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेता. त्यांतले दोघे आमच्या गल्लीत दिसले होते. मला ओळखताच धोतर सावरीत पळाले. त्यांच्या मुठीवर गोमूत्र शिंपडता का, तेवढे भाऊला विचारा.

आईला नमस्कार. लोभ आहे तो राहू द्यावा.
धुरपदा

॥ श्री ॥
धरणगाव, श्रावण शुद्ध ११

चि. धुरपदा हिस अ. आ. वि. वि.

तुझे पत्र वाचून चिडले होते. मनातल्या मनात तुझ्याशी खूप भांडले. मग रोटाचे गहू घ्यायला बसले, सगळ्या पुरुषांच्या मुठी घेतल्या आणि तुझ्याही नावाने सव्वा मूठ घेतली. तुझे भाऊ ओरडले की बाईच्या नावाची मूठ कधी असते का, आणि तीही असल्या बाईच्या. मी म्हटले, जळगावच्या गल्लीत कोण कोण जाऊन आले ते भाऊबंदांना विचारून या, मग काढते. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, पोर आपलीच शे, दळा.

सणाच्या पंगतीतून भाऊबंदांतली दोन घरची मंडळी न जेवता उठून गेली. सोनगीरला बातमी पोचलीच असेल. सोयरीक मोडली तर मला वाईट वाटेल, खोटे कशाला बोलू? पण तुझ्या मुठीचे पीठ शेवंतानेच मळले.

रोट बाहेरच्याला देता येत नाहीत आणि पौर्णिमेआधी संपवावे लागतात. तुझ्या वाटणीचे तसेच आहेत. तुझे भाऊ तुला न्यायला येत नाहीत, तेव्हा मुऱ्हाळी मीच. गुरुवारी सकाळच्या गाडीने येते. भर दुपारी गल्लीत उभी राहून तुझ्या नावाने घर विचारीन. कोणी हटकले तर सांगेन की माझी नणंद इथे राहते, तिला माहेरी न्यायला आले आहे.

घरातल्या तिघींना माझा नमस्कार सांग. लोभ वाढता ठेव.
तुझी भागावहिनी