चार बोटं फेस

ती. दादासाहेब यांस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्याच्या दुखण्यामुळे आठांपैकी सहाच अंगं टेकली आहेत, असं समजावं.) आपला खोकला आणि वहिनींची कंबर आता ठीक असेल. आपली बहीण, म्हणजे आमची ही, गेले अडतीस दिवस आपल्याकडे केस धुवायला आली आहे. एव्हाना ते धुऊन झाले असावेत. तिचीही खुशाली सवडीने कळवावी. घाई अशी काही नाही.

पत्रास कारण आमच्या घरचं पाणी. शाळेत ज्याला दुष्फेन म्हणायचे, तेच हे. आपल्या नळाला गोडं पाणी, त्यामुळे कल्पना येणार नाही. पण इथे दोरीवरून काढलेला टॉवेल कोपऱ्यात ठेवला तर उभा राहतो. गीझर उघडला तेव्हा कॉइलवर बोटभर जाड पांढरा थर निघाला. शॉवरच्या चाळीस भोकांपैकी सात चालू होती आणि त्यातलीही दोन भिंतीवर नेम धरत. (मोजली आहेत. एकतीस वर्षं दुकानदारांची वजनमापं तपासली, मोजल्याशिवाय मला बोलता येत नाही.) हिचे केस तर सुतळीसारखे झाले. मी शॉवरला व्हिनेगरची पिशवी बांधली, तर भोकं उघडली खरी, पण तीन दिवस आंघोळ करून आलेला माणूस आंबल्यासारखा वाटे.

शेवटी पाणी मऊ करायचं यंत्र आणलं. त्यात दर पंधरवड्याला खडेमीठ ओतावं लागतं आणि ते गच्चीवर, टाकीशेजारी बसतं. गुडघ्याचं मूळ तिथे आहे. टाकीतून दोन पाइप खाली येतात, एक आमचा आणि एक वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचा. मी आमच्या पाइपवर खडूने फुली मारली. प्लंबरने दोनदा विचारलं, "काका, नक्की हाच ना?" ही म्हणाली, "अहो, तो वरच्यांचा आहे." मी दोघांनाही माझी एकतीस वर्षं ऐकवली.

पाणी मऊ झालं की नाही ते बघायची सोपी रीत आहे. बाटलीत पाणी घ्यायचं, साबणाचे दहा थेंब टाकायचे, हलवायचं आणि फेस बोटांनी मोजायचा. मी रोज सकाळी मोजून वहीत नोंद करू लागलो. पहिल्या दिवशी दोन बोटं, आठवड्याने तीन, तिसऱ्या आठवड्यात चार. (बाटली मी रोज थोडी जास्त हलवत होतो, हे आता मान्य करतो.) ही म्हणे, "दोनच बोटं आहेत." मी म्हणे, तुझी बोटं जाड आहेत. आमच्या खात्यात तपासणीच्या कागदावर साक्षीदाराची सही लागते, म्हणून चार बोटांच्या दिवशी मी वही तिच्यापुढे धरली. तिने वही बघितली, माझ्याकडे बघितलं, पेन टोपण लावून ठेवलं आणि बॅग भरली. जाताना एवढंच म्हणाली, "दादाकडे जाऊन केस धुऊन येते."

गेल्या आठवड्यात शिंपीणबाई जिन्यात भेटल्या. "काका, हल्ली साबण निम्माच लागतो हो! आणि केस बघा, नुसतं रेशीम!" मी हवामानाचा परिणाम असेल असं सांगितलं, गच्चीवर गेलो आणि यंत्राची चावी बंद केली. खाली आमचा नळ खळखळून वाहत होता. वरून बाई ओरडल्या, "काका, पाणी गेलं! डोळ्यात साबण आहे!" म्हणजे अर्धं पोतं मीठ मी जिने चढून शिंपीणबाईंच्या केसांना घातलं होतं.

परवा प्लंबरकडून यंत्र आमच्या पाइपवर बसवून घेतलं. (या वेळी खडूची फुली त्याने स्वतःच मारली.) शिंपीणबाईंना साबण पुन्हा पूर्वीइतका लागतो, त्यांना हवामान बदललं असं सांगितलं आहे. बाकी सर्व क्षेम.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. : आज फेस खरोखर चार बोटं आला. बाटली बेताचीच हलवली. पण बघायला घरात कोणी नव्हतं.

ता. क. दुसरा : वहीतल्या जुन्या सगळ्या नोंदी खोडून "दोन बोटं" केल्या आहेत आणि खाली "तिचं बरोबर होतं" असं लिहून मी सही केली आहे. हे तिला वाचून दाखवावं. मला तिच्याशिवाय करमत नाही, तेही वाचावं, पण वहिनी खोलीत नसताना.

ता. क. तिसरा : साक्षीदाराची सही अजून बाकी आहे. ती पोस्टाने चालत नाही, इथे येऊनच करावी लागते, असा नियम आहे. नियम आजच केला.