ओट्यावरच्या कुंड्या

रविवार, सकाळी साडेसहा

कुमुद,

चहा गाळून झाकून ठेवला आहे, गरम करून घे.

तीन दिवस तू बोलत नाहीस, म्हणून लिहून ठेवतो. स्कूटर देऊन मोटारसायकल घेतली, ती तुला न विचारता. अठरा वर्षं तू त्या स्कूटरवर मागे बसलीस. विचारायला हवं होतं. चुकलं.

मलंगगडाच्या पायथ्याशी पाड्यावर मुलांना गणित शिकवायला जातो, तिथे ओढ्यातल्या गोट्यांत स्कूटर अडायची. अलीकडे जाणंच नको वाटायचं. गुरुवारी ही उंच गाडी घेतली आणि आधी तिकडेच नेली. ओढ्यात आदळत होतो, तर चौथीतली सगुणा काठावरून ओरडली, "गुरुजी, उभं राहा की! बसलाव कशाला?" फूटरेस्टवर उभा राहिलो आणि गाडी सरळ पलीकडे गेली. काही काम नसताना आणखी दोनदा ओढा ओलांडला. एकसष्टाव्या वर्षी हे बरं नव्हे, पण ओलांडला.

"सर, असल्या गाडीला साडी गार्ड?" म्हणून मेकॅनिक दौलत हसला. तरी बसवून घेतलं. सीट उंच आहे, पण दारातल्या ओट्याच्या कडेवरून तुला सहज बसता येईल.

पाड्यावर जाऊन दुपारी एकपर्यंत येतो. ओट्याच्या कडेच्या कुंड्या सरकवलेल्या दिसल्या, तर संध्याकाळी खाडीपर्यंत जाऊन येऊ. जागच्या जागी दिसल्या, तर पुन्हा विषय काढणार नाही.

जास्वंदीची कुंडी जड आहे. ती मीच सरकवून ठेवली आहे.

— दामोदर