जाळीखालची गाडी

पश्चिम बर्लिन, नोव्हेंबर १९६९

प्रिय ट्राउडे,

हे पत्र तुझ्या शेजारच्या पोल्केकाकूंच्या कमरपट्ट्यातून तुझ्यापर्यंत येतंय, तेव्हा चुरगळलेलं असलं तर नाक मुरडू नकोस. टपालाने पाठवलं असतं तर तुझ्याआधी तुमच्या चार साहेबांनी वाचलं असतं. दार लाव, वाच आणि लगेच शेगडीत टाक. लिलोचं अक्षर म्हणून उशीखाली ठेवून देशील, ओळखून आहे मी तुला! आणि सगळ्यात आधी हे ऐक: आन्केला त्या रोझेनथालर चौकातल्या जाळीपाशी पुन्हा नेऊ नकोस. का, ते सांगते.

ती जाळीची गोष्ट मला काकूंनीच मागच्या खेपेला सांगितली होती. तुमच्या सरकारला म्हाताऱ्या माणसांची एवढी कदर, की साठी उलटली की खुशाल पलीकडे जा म्हणतं. परत नाही आलात तर पेन्शन वाचली! तर काकू म्हणाल्या, "अगं, तुझी बहीण पोरीला घेऊन भर रस्त्यात लोखंडी जाळीवर उभी राहते. खालून त्या भुयारी गाडीची धडधड झाली की पोर नाचते, मावशी गेली, मावशी गेली! लोक बघतात की गं." मी आधी हसले आणि मग काकूंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. भिंत झाली तेव्हा आन्के रांगत होती. नाताळचे परवाने मिळायचे तेव्हा येत होते मी, तेव्हा माझ्या मांडीवरून उतरायची नाही. मग तेही बंद झाले. पोरीला मावशी म्हणून उरलं काय, तर पायाखालचा आवाज.

खाली कसं असतं ते तुला कधी सांगितलंच नाही. आमच्या हद्दीतलं शेवटचं स्टेशन आलं की तसं पुकारतात. मग गाडी तुमच्या गावाखाली शिरते, पार आमच्या दुसऱ्या टोकाला निघेपर्यंत. बंद स्टेशनांत थांबायचं नाही, फक्त वेग कमी करायचा. मिणमिणता दिवा, बोटभर धूळ, भिंतीवर आठ वर्षांपूर्वीच्याच साबणाच्या जाहिराती, आणि विटांच्या खोपटातल्या फटीमागे दोन शिपाई. दोघे कशाला, तर एकाने दुसऱ्यावर नजर ठेवायला. लोक मुद्दाम हे बघायला येतात, ट्राउडे! हॅम्बुर्गचा एक गृहस्थ मला विचारतो, "बाई, भुताटकीचं स्टेशन कुठल्या बाजूला येतं हो?" मी म्हटलं, "डाव्या. पण जपून बोला, तिथली भुतं माझ्या नात्यातली आहेत." बिचारा पुढच्या डब्यात जाऊन बसला.

पण त्याला कशाला नावं ठेवू? शिवणाच्या कारखान्यातून माझ्या दारापर्यंत सरळ बस आहे. तरी मी गाडीनेच जाते. रविवारी काम नसतानाही तिकीट काढून पलीकडच्या टोकापर्यंत जाते आणि परत येते. काय ठेवलंय तिथे? अंधार आणि धूळ! पण रोझेनथालर चौकाखालच्या त्याच फलाटावर तू माझे नवे बूट घालून सपशेल आपटली होतीस आणि वर मलाच म्हणालीस, "बूटच वाईट आहेत." ती जागा आली की माझा जीव खिडकीला चिकटतो. व्यसनच म्हण.

आणि मग दोन आठवड्यांपूर्वी, फलाटाच्या टोकाला, वरच्या हवेच्या झरोक्यातून, म्हणजे तुमच्या त्या जाळीतून, एक दोरा लोंबताना दिसला. दोऱ्याला लाल हातमोजा. मी विणलेला! अंगठा वाकडा आलाय ना, तोच. मला इतका आनंद झाला की भान राहिलं नाही. मी खिडकीवर तळहात टेकवला आणि सगळ्या डब्यादेखत मोठ्याने म्हणाले, "अगं माझी बाय ती!" दुसऱ्या दिवशी मोज्यात कागदाची गुंडाळी होती. जणू काही मी चालत्या गाडीतून हात काढून घेणार होते! ही अक्कल त्या पोरीची की तुझी, खरं सांग. कारण नऊ वर्षांच्या पोरीकडे एवढा लांब शिवणाचा दोरा येतो कुठून?

तिसऱ्या दिवशी मोज्याखाली शिपाई उभा होता. पोरगेलासा, नाकावर चष्मा. त्याने दोरा धरला आणि हळूच ओढून पाहिला. वरूनही कुणीतरी ओढलं. मासा लागला की कसा ताणतो, तसा तो दोरा ताणला गेला, ट्राउडे, आणि मला गाडीतून किंचाळताही येईना. त्याने मान वर केली. मग वळून आमच्या खिडक्या बघायला लागला. माझा हात अजून काचेवरच होता. तो मी काढला, पण त्याने पाहायचं ते पाहिलं. दोघांची नजरानजर झाली आणि गाडी बोगद्यात शिरली.

त्यानंतर दोरा दिसला नाही. तो मात्र दिसला, रोज. खोपटाबाहेर उभा, आणि नजर माझ्याच डब्यावर. जोडीदार त्याच्याशी काही बोलत होता, तरी तो वळला नाही. त्याने वर कळवलं की नाही, देव जाणे. पण वरचा दोरा आणि खालची बाई, एवढी गाठ कुणी मारली की तुझ्यावर पलीकडच्यांशी संधान बांधल्याचा आरोप. तुला तुरुंग, आणि आन्के सरकारी आश्रमात, नवं आडनाव लावून. आपल्या गल्लीतल्या श्ट्रेलोबाईच्या मुलाचंही असंच झालं, विसरलीस? आणि मी तुला ना फोन करू शकत, ना तार. काकूंची वाट बघत नखं खात बसले. परवा त्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा कोट काढायच्या आत मी विचारलं, "आन्के घरी आहे ना?" त्या वैतागल्या, "आहे गं बाई! कालच माझ्या दारात दोरीच्या उड्या मारत होती. आधी बसायला तरी सांग!" मी त्यांना बसवलं आणि कॉफी दिली.

म्हणजे अजून तुझ्या दारावर कुणी आलेलं नाही. येऊ नये म्हणून मला जे करता येण्यासारखं होतं ते मी केलंय, आणि तेच सांगायला बसले होते. इतका वेळ टाळत होते. मी गाडी सोडली, ट्राउडे. काचेवर हात टेकवणारी बाई त्या पोराला पुन्हा दिसली नाही, तर गाठ मारायला त्याच्याकडे दुसरं टोक राहणार नाही. गेल्या सोमवारपासून मी बसने जाते. काकू म्हणाल्या, तुम्ही दोघी अजून रोज जाळीवर जाता, त्या निघायच्या आदल्या दिवशी तर आन्केने खाली वाकून मला शाळेतलं गाणं म्हणून दाखवलं. त्या गाडीत मी नव्हते गं. सगळ्या आठवड्यात एकाही गाडीत नव्हते. आता हे तिला तू सांग, मला लिहवत नाही.

तुझीच,
लिलो