पट्टी कोणत्या टोकाला उचलतात

प्रिय केल्विन,

मी, रॉडनी ऑस्कर ट्रेलोअर, वय चौपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, येथील गव्हाच्या कोठारांचा व्यवस्थापक, बुलूंगरा गोल्फ क्लबचा गेल्या एकोणीस वर्षांचा सामना-सचिव आणि तुझ्या पत्नीचा सख्खा भाऊ, हे पत्र तुझ्या परिपत्रकाला उत्तर म्हणून लिहीत आहे. येत्या रविवारच्या विशेष सभेत आपल्या नऊही ग्रीनवरची वाळू काढून तेथे कृत्रिम गवताचे गालिचे बसवावेत, असा ठराव तू मांडणार आहेस. त्याला माझा विरोध आहे. तो का आहे हे इतरांच्या आधी तुला कळावे, एवढाच या पत्राचा हेतू.

तुम्ही सर्व कुशल असाल. आईचा गुडघा कुरकुरतो, पण कोंबड्यांना दाणे ती स्वतःच टाकते आणि तुझी चौकशी दर आठवड्याला न चुकता माझ्याकडेच करते. गहू पोटरीत आला आहे. आणखी एक सर मिळाली तर तक्रारीला जागा राहणार नाही.

तुझे परिपत्रक मी चार वेळा वाचले. ‘वाळूची ग्रीन खेळाडूच्या कौशल्याची परीक्षा घेत नाही, नशिबाची घेते, १९९७च्या अंतिम सामन्यात मी स्वतः हे भोगले आहे.’ आपल्या एकेचाळीस सभासदांपैकी किमान चौदा जण या एका वाक्यामुळे तुझ्याकडे झुकले आहेत. त्यांतल्या नऊ जणांनी तो सामना पाहिलेला नाही. ज्यांनी पाहिला आहे, ते त्या वाक्याचा दुसरा अर्थ लावतात: केल्विनने नाव घेतले नाही, पण वाट ओढली होती रॉडनीने.

वाळू काय करते हे तुला शिकवण्याची गरज नसावी. पण जिल्हा संघटनेचा अध्यक्ष झाल्यापासून तू साठ किलोमीटरवर गवतावर खेळतोस, आणि परिपत्रक विसरलेल्या माणसाने लिहिल्यासारखे वाटते, म्हणून क्रमाने लिहितो.

आपल्या ग्रीनला, होलभोवतालच्या त्या सपाट गोलाला, हिरवा रंग कधीच लागला नाही. ती तेल मुरवून दाबलेली भुरी वाळू. खेळाडू तिच्यावर आला की पावलांचे ठसे उठतात, म्हणून होलपासून चेंडूपर्यंत लोखंडी पट्टीने एक वाट सपाट करून घ्यायची. ती एकदाच. पुन्हा ओढायची नाही, आणि आपल्या क्लबच्या चौदाव्या नियमानुसार ओढलेल्या वाटेवर खेळणाऱ्याचा पाय पडला तर ते होल प्रतिस्पर्ध्याचे. दुसरीकडे कुठे ही वाट खेळणारा स्वतः ओढत असेल. आपल्याकडे, तुझ्या-माझ्या आजोबांच्या काळापासून, ती प्रतिस्पर्धी ओढतो.

गवतावर चुकलेला माणूस उताराला दोष देतो, दवाला देतो, यंत्र फिरवणाऱ्या माळ्याला देतो. वाळूवर सपाट वाट समोर असते, आणि ती त्याच माणसाने काढलेली असते ज्याला तुम्हाला हरवायचे असते. तो पट्टी ओढत असताना हात बांधून उभे राहावे लागते. माझ्या घड्याळाप्रमाणे हा वेळ अर्ध्या मिनिटाहून कमी असतो, पण त्यात भल्याभल्यांचे मनगट बदलते. वाळूवर चेंडू ठोसून मारावा लागतो. घाबरलेला माणूस त्याला कुरवाळतो, आणि कुरवाळलेला चेंडू कणाकणाचे ऐकत जातो. किनाऱ्यावरचा तो उंच विजेता आठवतो का, ज्याने शनिवारी आपल्या सर्वांना मागे टाकले आणि रविवारी सातव्या ग्रीनवर चार फुटांवरून चार वेळा चेंडू ढकलला? बाहेर येऊन त्याने आपल्या बारमधल्या एर्नीकडे पाणी मागितले आणि विचारले, “ही शिक्षा तुमच्यात कुठल्या गुन्ह्याला देतात?” एर्नी म्हणाला, “गुन्हा नाही लागत. फायनलला पोचलं की देतो.”

तेव्हा वाळू कठीण आहे, हे मला पूर्णपणे मान्य आहे. कठीण आहे म्हणूनच ती राहिली पाहिजे. चाळीस फुटांवरून चेंडू आपोआप होलकडे लोळत जाईल असा गालिचा घालून आपण कोणाला खेळाडू करणार आहोत?

आता १९९७.

सप्टेंबरची सात तारीख, अठरावे होल, म्हणजे दुसऱ्या फेरीतली नववी ग्रीन; जास्त होल जिंकेल त्याचा चषक. मी एका होलने पुढे होतो आणि माझा चेंडू चार फटक्यांत आत गेला होता. तुझा तीन फटक्यांत पाच फुटांवर होता. तो गेला तर तेही होल बरोबरीचे आणि सामना माझा. म्हणजे तुला काहीच उरले नव्हते, असे आज कोणी म्हणेल. म्हणून स्मरणाची खात्री करण्यासाठी मी गुणपत्रक काढून पाहिले. पुढे तू होतास, एका होलने. मी इतकी वर्षे हे उलटे सांगत आलो, स्वतःलासुद्धा. तू तो चेंडू घातला असतास तर चषक तुझा होता. चुकलास तर होल माझे, बरोबरी, आणि एक जादा होल.

मी पट्टी होलच्या काठावर ठेवली, तुझ्या चेंडूच्या खुणेकडे ओढत आणली आणि खुणेच्या पलीकडे एक वाव जाऊन उचलली. तू चेंडू ठेवलास, मारलास. तो होलच्या एक वीत अलीकडे उजवीकडे वळला आणि काठाला लागून थांबला. जादा होलवर तू चेंडू कुरवाळत राहिलास. ते होल मी तेरा मिनिटांत जिंकले.

चषक देण्याआधी तू सर्वांच्या देखत मला म्हणालास, “पट्टी आधीच उचललीस, रॉड.”

मी चषक घेतला. तीन आठवड्यांनी तुझे आणि ग्वेन्डाचे लग्न झाले आणि वराचा सोबती म्हणून तुझ्या शेजारी मी उभे राहायचे ठरले होते, तेथे तुझा चुलतभाऊ उभा राहिला. तेव्हापासून नाताळात तू दुपारी जेवायला येतोस आणि मी संध्याकाळी, आणि आई पुडिंग दोनदा वाफवते. बारमध्ये एर्नी मरेपर्यंत मला म्हणत असे, “ग्लासावरनं पट्टी नको फिरवूस हां रॉडनी, फेस आधीच उचलशील.” लोक हसत. मीही हसत असे. गेल्या नाताळात ग्वेन्डाने भांडी पुसता पुसता विचारले, “एकदाच सांग, खरंच उचललीस का आधी?” तू गोल्फ खेळत नाहीस, तुला कळणार नाही, असे सांगून मी तिला गप्प केले.

केल्विन, पट्टी होलपाशी टेकतात आणि चेंडूपाशी उचलतात. ती आधी उचलली तर उंचवटा चेंडूजवळ राहील. तुझा चेंडू होलजवळ वळला. तू अकराव्या वर्षापासून वाळूवर खेळलास. हे तुला त्या क्षणीही ठाऊक होते. पंचवीस वर्षे अकरा महिने मी वाट पाहिली, की तू कधीतरी हे स्वतःशी मांडून पाहशील.

चेंडू कशाने वळला ते मला माहीत आहे, कारण झेंडा धरून मी होलपाशी उभा होतो. वाट ओढून झाल्यावर तू ती मागून पाहायला होलच्या पलीकडे गेलास. परत येताना तू मान वळवून पाहिलेस आणि तुझी डावी टाच वाटेवर पडली. अर्धचंद्रासारखा ठसा. लोक तुझ्या पाठीमागे होते, ऊन त्यांच्या डोळ्यांवर होते. माझ्याशिवाय कोणी पाहिले नाही. तू मान का वळवलीस, ते या पत्रात लिहायचे नाही असे ठरवून मी बसलो होतो. ग्वेन्डाने हात हलवला होता. तू माझ्या बहिणीकडे पाहिलेस.

चौदावा नियम मला तोंडपाठ होता. तोंड उघडले असते तर ते होल तिथेच माझे होते. मी उघडले नाही. त्यामागे मैत्री होती, तिच्या डोळ्यांदेखत तुला त्या टाचेसाठी हरवू नये ही इच्छा होती. आणि आणखी एक गोष्ट होती. तो ठसा मी पाहिला होता आणि चेंडू तिथे वळणार हे मला कळले होते. नियमाच्या पुस्तकाने जिंकलो असे कोणी म्हणू नये आणि होल तर मिळावे, असा हिशेब मी तू चेंडू मारेपर्यंतच्या क्षणांत केला. किती मैत्री आणि किती हिशेब, हे मी पुष्कळ प्रयत्न करूनही वेगळे करू शकलो नाही. एवढा दोष माझा. तू म्हणतोस तो नाही.

रविवारी मी हे सर्व, हिशेबासकट, सभेत सांगणार आहे. ग्वेन्डाला शनिवारी सांगेन. तिला ते इतरांच्या तोंडून कळू नये. विजेत्यांच्या फळ्यावरचे माझे नाव पुसायचे असेल तर सभेने खुशाल पुसावे, मी हात वर करून मत देईन. पण वाळूने तुला फसवले हे वाक्य त्या सभागृहात मी उभे राहू देणार नाही. वाळूने त्या दिवशी तुझी टाच जशीच्या तशी दाखवली आणि माझे मौनही. दोघांपैकी कोणालाच ते सोसले नाही, म्हणून नऊ ग्रीन उखडायच्या, हे मला मान्य नाही. ठराव मंजूर झाला तरी मान्य होणार नाही. मग मी माझ्या कोठारामागे एक ग्रीन वाळूची करीन आणि तिथे एकटा खेळेन.

आपल्या खेळात होलपासून जो सर्वांत दूर असतो, त्याची पाळी पहिली. सभेत आधी तू बोल. मी थांबेन.

तुझा मेहुणा,

रॉडनी ओ. ट्रेलोअर
बुलूंगरा, न्यू साउथ वेल्स
सोमवार, २१ ऑगस्ट २०२३